नाव घालणारा

भांडी बाजारात, एका दुकानाच्या पायरीवर
माझं स्टूल, माझं मशीन, आणि मालकाच्या मीटरवरची वायर.
अक्षराला पूर्वी दहा पैसे, आता तीन रुपये.
काना-मात्रेचे वेगळे घेत नाही.

नाव निवृत्ती. वय एकोणसत्तर.
दोघांची अजून गाठ पडलेली नाही.

गावात नावं ठेवणारे पुष्कळ.
त्यांचं मला सोपं जातं.
वेलांटी वाकडी आली म्हणाले, की मान डोलवायची,
'सप्रेम'मधला स उताणा पडला म्हणाले, की पाच रुपये कमी.
हिशेब मिटतो.

अवघड जातं ते दुसरं.
कुणी म्हणालं, काय सुरेख अक्षर हो तुमचं,
की मी लगेच मशीनकडे बोट दाखवतो.
किंवा पितळ चांगलं होतं, म्हणतो.
स्टील असेल तर, उजेड चांगला होता.
वडील म्हणत, शाबासकी घेतली की हात जड होतो.
त्यांचा हात शेवटपर्यंत हलका राहिला.
माझ्या पाठीवर तो थाप म्हणून कधी पडला, आठवत नाही.

परवा मंगळवारी ओझरहून एक बाई आली.
पिशवीतून तांब्या काढला, ओढणीने पुसला.
"हे नाव तुम्हीच घातलंय का?"
सौ. मंजुळा दगडू शेवाळे. १२-५-८७.
मी ओळखलं. अक्षर माणसासारखंच झिजतं,
पण चाल बदलत नाही.
म्हणालो, असेल. तेव्हाही मीच बसायचो इथे.
मशीनचं काम, बाई.

"थांबा," ती म्हणाली.
"शेवटची सहा वर्षं आईची नजर गेली होती.
घरातले सगळे तांबे एका मापाचे.
ती बोटाने आपला शोधायची.
म पासून निघायची, ज पाशी जरा थांबायची,
आणि ळ वर बोट गेलं की हसायची.
म्हणायची, ज्याने कुणी हा ळ काढलाय ना,
त्याला माझ्यासाठी वेळ होता."

आता काय सांगू.
तो ळ मला आठवत होता.
लग्नसराई, रांग पार सराफ बाजारापर्यंत,
आणि ऐन ळ च्या दुसऱ्या गाठीत लाइट फडफडली,
सुई घसरली. ओरखडा झाकायला
मी एक वळसा जास्त फिरवला.
वेळ नव्हताच मला. कुणासाठीच.
जिभेवर आलं होतं, बाई, ती चूक आहे.
बोट मशीनकडे निघालंही होतं.

अर्ध्यात थांबलं.
तिने तांब्या दोन्ही हातांनी पुढे धरला होता,
पाहुण्याला पाणी देताना धरतात तसा.
पाणी पुढे केल्यावर कुणी म्हणतं का,
नळाला द्या, मला नको?

"हो," म्हणालो. "मीच काढलाय."
एवढंच. मग घसा बसला, कान तापले.
समोरचा तराजूवाला उगाच बघत होता.

तिने नवा डबा काढला, लेकीसाठी. नाव केतकी.
"तसाच ळ काढा."
"यात ळ नाही हो कुठे."
दोघंही हसलो.
मी क काढले, दोन्ही, सावकाश.
लाइट गेली नाही. मागे रांगही नव्हती;
हल्ली नसतेच.
नऊ रुपये तिने मोजून दिले.

संध्याकाळी होळकर पुलावरून पंचवटीकडे चालत निघालो
तेव्हा तर्जनी मांडीवर काहीतरी गिरवत होती.
हात जड झाला होता का?
झाला होता थोडा. खोटं कशाला बोलू.

जेवताना म्हणालो, आमटी फार छान झालीय ग.
"कसली मेली, कालचीच आहे. मसाला तेवढा वन्संचा."
म्हणालो, सुलू, नुसतं हो म्हण.

ती पळी धरून उभी राहिली.
पातेल्याकडे बघितलं, मग शेगडीकडे, मग मसाल्याच्या बरणीकडे,
श्रेय कुणाच्या गळ्यात घालावं, शोधत.

मी ताट पुढे केलं.